वय ३१, नोकरी चाकणला आणि डोक्यात बोट

कोथरूडकर_३१

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

वय ३१. बी.ई. इलेक्ट्रिकल, शेवटच्या वर्षाला ६४ टक्के. कॉलेज संपल्यापासून चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पीएलसी, ड्राइव्ह, पॅनेल, क्रेनची मोटर जळाली की रात्री अडीचला फोन, हे सगळं अंगवळणी पडलंय. कामाची तक्रार नाही. पण वरच्या खुर्च्यांवरची मंडळी निवृत्त होईपर्यंत हलणार नाहीत आणि माझी पगारवाढ दरवर्षी महागाईच्या मागून लंगडत येते. कॉलेजचा एक मित्र बोटीवर (मर्चंट नेव्हीत) असतो, तो मध्यंतरी भेटला. तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय.

लग्न झालंय, मुलगी बालवाडीत, घराचा हप्ता चालू. बायको म्हणते, आधी नीट चौकशी कर, मग बोलू. आईचं म्हणणं असं की या वयात लोक बोटीवरून कायमचे घरी येतात आणि हा निघालाय.

एका सल्लागाराकडे जाऊन आलो. वय ऐकून "काहीच अडचण नाही सर, आपण करून देऊ" असं तो इतक्या उत्साहाने म्हणाला, की मलाच शंका आली. तर बोटीवर जायची खरी वयोमर्यादा किती? जो तो वेगळा आकडा सांगतो. आणि मर्यादेत बसलो तरी या वयात जाण्यात अर्थ आहे का?

पेठेतला_एक

पुण्यात समुद्र सोडून सगळं आहे असं आम्ही इतकी वर्षं अभिमानाने सांगत आलो, आणि तुम्ही नेमके तिकडेच निघालात. असो. आधी गेटवेहून मांडव्याला बोटीने जाऊन या, तेही पावसाळ्याच्या तोंडावर. पोट ठिकाणावर राहिलं तर पुढचं बोलू.

तळेगावकर

पेठेतले, समुद्र नसला तरी त्याचं शिक्षण इथेच आहे की. इंदुरीला तोलानी, लोणी काळभोरला मॅनेट, लोणावळ्याजवळ समुंद्रा. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी पांढऱ्या गणवेशातली पोरं दिसतात, लाइनीत चालणारी. पण खरं सांगू का, ती सगळी मिसरूड फुटलेली पोरं असतात. त्यांच्या रांगेत एकतिशीचा बाप्या उभा राहिलेला मी तरी पाहिला नाही.

बोटवाला_दापोली

सेकंड इंजिनिअर आहे, सध्या सुट्टीवर. धागाकर्त्यांनी टक्के लिहिले ते बरं केलं, वयाइतकाच तो आकडा लागतो.

मर्यादा एकच नाही, म्हणून जो तो वेगळी सांगतो. तुमच्या हातात कुठला कागद आहे त्यावर दार ठरतं. ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकतात त्या खोलीत, उभं राहायचं म्हणजे डेक कॅडेट, त्याला बारावी सायन्स, इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी आणि वय २५ च्या आत. जीपी रेटिंग, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरळ खलाशी म्हणतात, तो दहावीवरचा सहा महिन्यांचा कोर्स. तिथे साडेसतरा ते २५. मेकॅनिकलच्या पदवीधरांना एक वर्षाचा जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग), त्याला २८. राखीव प्रवर्गांना सवलत असते. ही तिन्ही दारं तुम्हाला बंद आहेत. सल्लागार यांतल्या कशासाठी "करून देतो" म्हणत असेल तर उठून चालू लागा.

चौथं दार ईटीओचं. इलेक्ट्रो टेक्निकल ऑफिसर. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी वा डिप्लोमा, शेवटच्या वर्षाला ६० टक्के, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५०. कोर्स चार महिन्यांचा. मी पाहिलेल्या माहितीपत्रकांत वयाची अट ३५ ची आहे. प्रवेश घ्यायच्या वेळचं नौवहन महासंचालनालयाचं ताजं परिपत्रक मात्र स्वतः वाचा, संस्थेच्या माणसाने वाचून दाखवलेलं नको.

आणि ही मर्यादा आत शिरायची आहे, नोकरी करायची नव्हे. साठीला टेकलेले चीफ इंजिनिअर माझ्या वरती होते आणि जिना माझ्याआधी चढायचे.

स्वारगेट_मेकॅनिकल

म्हणजे मी मेलोच की. बी.ई. मेकॅनिकल, वय २९ पूर्ण.

बोटवाला_दापोली

स्वारगेट, जीएमई गेलं, ते गेलं. "जन्मतारखेचं बघू" म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका, सीडीसी (बोटीवरच्या नोकरीचं सरकारी पुस्तक) काढताना दहावीचं सर्टिफिकेट आणि पासपोर्ट दोन्ही समोर ठेवावे लागतात.

पण बोटीवर चढण्यासाठी बोटीवर राहायलाच हवं असं कुठे आहे? दापोडीत अल्फा लाव्हल आहे, इंजिन रूममधला तेल साफ करणारा प्युरिफायर त्यांच्या घराण्यातला असतो. खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स. अशा कंपन्यांचे सर्व्हिस इंजिनिअर बंदरात जहाजावर येतात, दोन-चार दिवस काम करतात आणि घरी जातात. त्यांना वय कुणी विचारत नाही. आम्ही त्यांच्याकडे थोड्या मत्सरानेच बघतो.

मेगर

मी ईटीओ आहे, कंटेनर जहाजांवर. उशिरा आलो, आधी भोसरीत पॅनेल बनवायच्या कंपनीत होतो. त्यामुळे हा धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटला. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

काम तुम्हाला जमेल, त्याची काळजी नको. मेंटेनन्सवाला माणूस कॉलेजातून थेट आलेल्या पोरापेक्षा पहिल्याच महिन्यात पुढे असतो. पण काही गोष्टी उलट्या शिकाव्या लागतात. जहाजावर साधारण ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आणि न्यूट्रल अर्थ केलेला, म्हणजे जहाजाच्या लोखंडाला जोडलेला, नसतो. चाकणला एक फेज बॉडीला लागली की ब्रेकर पडतो आणि फॉल्ट कुठे आहे ते कळतं. इथे एक फेज जहाजाच्या लोखंडाला लागली तर काहीही पडत नाही. नुसता अलार्म येतो आणि सगळं चालूच राहतं. तसं मुद्दाम ठेवलंय, कारण भर समुद्रात सुकाणूची मोटर बंद पडलेली परवडत नाही. मग तुम्ही इन्सुलेशनच्या मीटरकडे डोळे लावून एकेक फीडर (वीज पुरवणारी लाइन) थोडा वेळ बंद करून बघायचा. आधी ब्रिजला फोन, मग चीफला, मग ब्रेकर. बंद केल्यावर काटा वर गेला की सापडला. निम्म्या वेळा गुन्हेगार गॅलीतली, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातली, हॉट प्लेट असते, नाहीतर डेकवरचा दिवा, काचेखालच्या रबरातून खारं पाणी शिरलेलं. कुकला हॉट प्लेट बंद करायला सांगणं हे या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम. जेवणाच्या आधी सांगितलंत तर तुमचं काही खरं नाही.

बाकी शेकडो रीफर (थंड माल नेणारे) कंटेनर, इंजिनचं ऑटोमेशन, फायर डिटेक्टर, बॅटऱ्या, क्रेन. रडार बिघडलं की सेकंड मेट तुमच्याचकडे बघणार. मोठ्या जहाजांवर ६.६ केव्हीसुद्धा असतं, त्याचा वेगळा कोर्स.

आपलं काम किती बारीक आहे ते सांगतो. २६ मार्च २०२४ ला 'डाली' नावाचं कंटेनर जहाज बाल्टिमोरच्या पुलावर जाऊन आदळलं, पुलावर काम करणारे सहा जण गेले. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने शेवटी कारण काढलं ते असं: एका सिग्नल वायरवरचं लेबल चुकीचं बसवलेलं, त्यामुळे वायर टर्मिनलमध्ये नीट शिरलीच नव्हती. ती सुटली, ब्रेकर पडला, जहाज अंधारात. तेव्हापासून मी कुठल्याही पॅनेलमध्ये हात घातला की प्रत्येक वायर हलकेच ओढून बघतो. वायरच्या टोकावरचं फेरुलचं लेबल सरळ लावताना चाकणच्या हेल्परला आपण ओरडतो ना, ते योग्यच आहे.

आता अडचणीचं. कोर्स चार महिन्यांत होतो. कोर्सनंतर ट्रेनी म्हणून पहिली बोट मिळेपर्यंतचा काळ मात्र कुणी माहितीपत्रकात छापत नाही. जहाजावर किमान किती माणसं हवीत याचा जो कागद असतो त्यात ईटीओ बहुधा नसतोच. लहान बल्क कॅरियरवर (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) मालक त्याच्याशिवायच भागवतो. म्हणजे जागा मुख्यतः कंटेनर, टँकर, गॅस आणि क्रूझवर. बिम्को आणि आयसीएस या जहाजमालकांच्या संघटनांच्या २०२१ च्या अहवालात २०२६ पर्यंत जगात ८९,५१० अधिकारी जास्तीचे लागतील असा अंदाज होता, आणि जाहिरातवाले तो आकडा नाचवतात. लागतात ते सर्टिफिकेट आणि अनुभव असलेले. ट्रेनी रांगेत उभेच आहेत.

दुसरं, ईटीओला शिडी नाही. फोर्थ इंजिनिअर उद्या चीफ होतो, डेक कॅडेट कॅप्टन होतो. ईटीओ हा ईटीओच राहतो. चांगला पैसा लवकर सुरू होतो आणि मग तिथेच राहतो. "वरच्या खुर्च्या हलत नाहीत" म्हणून चाकण सोडत असाल तर हे आधी नीट चावून बघा. इथे वरची खुर्चीच नाही.

कोथरूडकर_३१

मेगरदादा, शेवटचा परिच्छेद बायकोने दोनदा वाचायला लावला. तरी सांगतो, मला साहेब व्हायचं नाहीये, हातातलं कौशल्य बरं विकलं जावं एवढंच आहे. पहिली बोट मिळायला वेळ लागू नये म्हणून काय करावं?

मेगर

फी भरायच्या आधी संस्थेला एकच विचारा: कोर्सबरोबर कंपनीची स्पॉन्सरशिप आहे का, आणि असेल तर ती लेखी देता का? "प्लेसमेंट असिस्टन्स" हे शब्द आले की समजायचं, नाही. शक्य असेल तर आधी कंपनीची परीक्षा आणि मुलाखत, मग प्रवेश. एकतिसाव्या वर्षी स्पॉन्सरशिपशिवाय जाऊ नका असं माझं स्पष्ट मत. बाविशीतल्या पोराचं वर्ष गेलं तर गेलं. तुमचा हप्ता आहे.

आणि कंपन्यांच्या मुलाखतीत वय विचारतीलच. "इतकी वर्षं काय केलं" याचं उत्तर कामाच्या यादीत द्या: कोणते ड्राइव्ह, कोणते पीएलसी, किती केव्ही. ट्रेनीमध्ये असं सांगणारे कमी असतात.

मीनल_वारजे

नवरा बोटीवर आहे, म्हणून बायकोच्या बाजूने लिहिते. "मिस करणं" वगैरे सगळ्यांना माहीत असतं, ते सोडते.

एक, कुलमुखत्यारपत्र जाण्याआधी करून घ्या, रीतसर नोंदवून. आमच्या फ्लॅटच्या कागदांवर सही हवी होती तेव्हा हे महाशय केप ऑफ गुड होपला वळसा घालत होते. २०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात हल्ले सुरू झाले आणि यांची बोट आफ्रिकेवरून जायला लागली, प्रत्येक फेरी लांबली. बिल्डरच्या ऑफिसला हे समजावून सांगताना मीच भूगोल शिकले.

दोन, चार महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे चार महिने असं धरून बारशाची, मुंजीची तारीख काढू नका. रिलिव्हर (बदली माणूस) आला नाही, बंदरात उतरू दिलं नाही, व्हिसा अडकला, काहीही होतं.

तीन, आणि हे महत्त्वाचं: बहुतेकांना पगार बोटीवर असतानाच असतो. घरी बसलेले महिने कोरडे. ट्रेनीचा स्टायपेंड तर हप्त्यापुढे किरकोळच. बारा महिन्यांचा हप्ता भागेल एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय माझ्या नवऱ्याने असलं काही काढलं असतं तर मी त्याला जाऊ दिलं नसतं. वहिनींना माझा निरोप सांगा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा म्हणावं, मी फोनवर बोलेन.

हिशेबनीस

मीनलताईंना जोडून. आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी भरले, म्हणजे साधारण १८४ दिवस किंवा जास्त बाहेर झाले, तर अनिवासी ठरता, आणि परदेशी जहाजावरचा पगार एनआरई (अनिवासींच्या परदेशी कमाईच्या) खात्यात आला तर त्यावर इथे कर लागत नाही. २०१७ च्या परिपत्रकाने ते स्पष्ट केलंय. दिवस मोजताना सीडीसीतल्या साइन ऑन आणि साइन ऑफच्या तारखा बघतात. एजंटच्या हॉटेलात बोटीची वाट बघत काढलेल्या दिवसांवर विसंबू नका. चालू बचत खातं एनआरओ (अनिवासींचं इथलं साधं खातं) करून घ्यावं लागतं, हे बँकेत कुणी आपणहून सांगत नाही. पहिल्या वर्षी, जानेवारीत वगैरे चढलात तर बाहेरचे १८४ दिवस भरणारच नाहीत, तेव्हा त्या वर्षीचा कर बाजूला ठेवा.

पेठेतला_एक

एवढी माहिती कर खात्याच्या ऑफिसातसुद्धा मिळत नाही. मांडव्याची अट मागे घेतो.

सांगवीची_मावशी

बाळा, एक कानमंत्र. माझ्या भाच्याने एका एजंटला पैसे दिले होते, "थेट बोट" म्हणून. कोणा भलत्याच देशाचं सीडीसी हातात ठेवलं आणि आखाती देशात एका जुनाट टगबोटीवर नेऊन चढवलं. पगार दोन महिने दिला, मग बंद. जेवणाचे हाल, पासपोर्ट कॅप्टनकडे. कसाबसा परत आला. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. त्याच्या आईने गळ्यातलं मोडून ते पैसे उभे केले होते.

बोटवाला_दापोली

मावशी, हे दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या घरी होतंय. सगळ्यांसाठी लिहून ठेवतो.

बोटीवर लावण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं हाच गुन्हा आहे. एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात तसं आहे, भारताने २०१५ साली त्याला मान्यता दिली, आणि आपल्या नियमांतही तेच आहे. परवानाधारक कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा, क्रमांक असतो, तो महासंचालनालयाच्या साइटवर टाकून बघता येतो. नंबर भिंतीवर टांगलेला दिसला म्हणून खरा नसतो, कधीकधी दुसऱ्याचाच असतो. त्या कंपनीच्या साइटवरून फोन नंबर घेऊन स्वतः फोन करा.

बोटीचं नाव मिळालं की तिचा सात आकडी आयएमओ क्रमांक मागा. इक्वेसिस नावाची साइट फुकट आहे. वय किती, मालक कोण, तपासणीत कुठे-कुठे अडकली, सगळं दिसतं. तिशी ओलांडलेली बोट आणि दर दोन वर्षांनी बदललेला झेंडा दिसला की नमस्कार करून निघा. दोन महिन्यांचा पगार थकला तर एमएलसीप्रमाणे ते 'खलाशाला वाऱ्यावर सोडणं' धरलं जातं, आणि अशा वेळी पगार व परतीचा खर्च देणाऱ्या विम्याचं सर्टिफिकेट बोटीवर दर्शनी लावलेलं असावं लागतं. चढल्या दिवशी मेसरूमबाहेरच्या बोर्डावर ते आहे का बघायचं.

निवृत्त_आर्टिफिसर

लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर घडलो, नौदलातून बाहेर पडून चाळिशीच्या तोंडावर मर्चंटला आलो. उशिरा येणाऱ्यांत आमची जमात मोठी आहे. २०२० मध्ये नौदल आणि महासंचालनालयाने मिळून आमच्या सेवेला एसटीसीडब्ल्यूच्या (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या) चौकटीत बसवायची योजना आणली, त्याने वाट सोपी झाली. परीक्षा आणि तोंडी मात्र द्याव्याच लागतात. आपल्यापेक्षा लहान परीक्षकासमोर बसून प्युरिफायरची ग्रॅव्हिटी डिस्क समजावताना थोडं जड जातं, पण जातं.

धागाकर्त्यांना एवढंच: युद्धनौकेवर शेकडो माणसं, प्रत्येक कामाला वेगळा हात. व्यापारी जहाज कितीही अवाढव्य असलं तरी वीस-पंचवीस माणसं. ईटीओ एकच. ताप आला तरी एकच. तुमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान थर्ड इंजिनिअर तुम्हाला "ए ट्रेनी, तो पंखा बघ" म्हणेल आणि तुम्हाला बघावा लागेल. चाकणला तुमच्या हाताखाली माणसं असतील ना? हा बदल पोटातल्या मळमळीपेक्षा जास्त दिवस टिकतो.

कॅम्प_किचन

अवांतर. वय ३८, हॉटेल लाइनमध्ये आहे, कॅम्पात. माझ्यासारख्याला काही?

निवृत्त_आर्टिफिसर

मालवाहू जहाजावर नव्याने शिकून जायचा केटरिंगचा कोर्स पंचविशीपर्यंतच. पण क्रूझचा हॉटेल विभाग अनुभव बघतो. जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार हे मूलभूत कोर्स आणि मेडिकल तिथेही लागतं. तिथेही एजंटला पैसे नाहीत, हे वर दापोलीकरांनी लिहिलंय ते पाठ करा.

कोथरूडकर_३१

सगळ्यांचे आभार, खरंच. बायकोने मीनलताईंशी बोलून घेतलं, पाऊण तास. आल्यावर म्हणाली, हप्त्याचे पैसे बाजूला पडेपर्यंत विषय नाही, पण तोवर कंपन्यांच्या परीक्षा द्यायला हरकत नाही. म्हणजे आमच्या घरच्या मानाने होच झाला. आईला अजून सांगितलेलं नाही.

राजीनाम्याचं काय? आमच्याकडे नोटीस तीन महिन्यांची.

मेगर

राजीनामा सगळ्यात शेवटी. आधी मेडिकल. महासंचालनालयाच्या यादीतल्याच डॉक्टरकडे जायचं, आणि रंगांधळेपणाची तपासणी मुद्दाम करून घ्या, ठिपक्यांतला आकडा ओळखायची. वायरचे रंग ओळखत आलोय म्हणून पास होऊ असं धरू नका. आमच्या बॅचच्या एकाला कोर्सची फी भरल्यावर कळलं. बीपी, शुगर तेव्हाच बघून घ्या, नाइट शिफ्ट आणि टपरीवरच्या वडापावाचे हिशेब इथे निघतात.

मग पासपोर्ट काढून दहावीच्या सर्टिफिकेटशेजारी आणि डिग्रीशेजारी ठेवा. तिन्हीवर वडिलांचं नाव, आडनाव सारखंच आहे का? "राव" एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, असलं काही असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. पासपोर्ट सेवा केंद्र मुंढव्याला, शनिवारी हाफ डे टाकून भागत नाही, आठवड्यातली सुट्टी ठेवा.